दिपकाडी आणि तिचा सडा

कोकणातला सडा आपल्यापैकी बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतूनच बघितलेला असतो. घाट उतरायचा, हायवे सोडून समुद्राकडे वळायचं, मधे एक मोठ्ठा सपाट माळ लागतो, काळपट तांबडा कातळ, झाड नाही की सावली नाही, लांबवर आंब्याची एखादी बाग नाहीतर चिरेखाणीचा खड्डा, मग उतार सुरू होतो, समुद्र दिसतो आणि गाडीतले सगळे एकदम खूश. मे महिन्यात तर तिथे कुणी थांबतच नाही आणि का थांबावं, तव्यासारखा तापलेला असतो तो कातळ. पण आज मला त्याच सड्यावरच्या एका कंदाबद्दल लिहायचंय. दिपकाडी. शास्त्रीय नाव दिपकाडी कोंकनेन्से. नावात कोकण आहे आणि ते उगाच नाहीये, कारण हे झाड जगात दुसरीकडे कुठे आपणहून उगवत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, तिथून खाली गोव्यापर्यंतचे जांभ्याचे सडे, संपलं तिचं जग.

"प्रदेशनिष्ठ" हा शब्द आपण कासच्या निमित्ताने इतक्यांदा ऐकलाय की त्याचं काही वाटेनासं झालंय. फोटोखाली टाकायचा, पुढे जायचं. पण जरा डोक्यात घ्या ना, स्पेन नाही, आफ्रिका नाही, हिमालय नाही, केरळ पण नाही. आपल्या किनाऱ्यालगतची एक चिंचोळी पट्टी, आणि त्या पट्टीतही सगळीकडे नाही, भातखाचरात नाही, राईत नाही, नारळी-पोफळीच्या आगरात नाही, फक्त वरच्या उघड्या कातळावर. म्हणजे मॅपवर रत्नागिरी ते गोवा असा रंग भरला तर तो मॅपच चुकीचा होईल. खरा मॅप काढायचा तर नुसते ठिपके ठिपके येतील.

आधी झाड कसं दिसतं ते सांगतो. जुलै महिना, चार दिवस झोडपून पाऊस जरा उघडलाय, सड्यावर जिकडेतिकडे पाण्याचे पातळ थर साचलेत. कातळाला मधूनमधून भेगा आणि उथळ खळगे असतात, त्यात वर्षानुवर्षं वाहून आलेली माती बसलेली असते, कुठे दोन बोटं, कुठे चार. त्या मातीतून गवतासारखी अरुंद पानं वर येतात, मधे पन्हाळीसारखी किंचित खोलगट. फूल नसेल तर तुम्ही त्याच्यावरून चालत जाल आणि कळणार पण नाही. पानांच्या मधून एकच दांडा निघतो, सरळ, त्याला एकही पान नसतं आणि त्यावर थोडीच फुलं, पांढरीशुभ्र. सहा पाकळ्या, पण खालच्या बाजूला एकमेकींना जुळून त्यांची नळी झालेली असते आणि टोकं तेवढी बाहेर वळलेली. आभाळ काळं, कातळ काळा, गवत हिरवं आणि त्यात हा पांढरा रंग, गाडीतून नाही दिसत पण पायी चालणाऱ्याला लांबूनसुद्धा दिसतो.

खाली मातीत कंद असतो, गोलसर, पांढरा, आपल्या कांद्याच्या धर्तीचा, म्हणजे पानांचे बुंधे जाड होऊन एकावर एक बसलेले. फुलं गेली की तीन कप्प्यांची बोंडं धरतात, वाळली की तडकतात आणि आत चपट्या काळ्या बिया चळतीने रचलेल्या असतात. मला विचाराल तर फुलाइतकंच हे बोंड बघण्यासारखं असतं, पण तोपर्यंत फोटोवाले सगळे निघून गेलेले असतात.

आता कंद का, हा खरा प्रश्न. सड्यावरचं वर्ष डोळ्यासमोर आणा. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात कातळावर इतकं पाणी असतं की मुळं कुजायची भीती, कारण खाली झिरपायला जागाच नाही, खाली सलग दगड. ऑक्टोबर आला की तेच पाणी आठवड्या-दोन आठवड्यांत गायब. नोव्हेंबरपासून मेपर्यंत थेंब नाही, डोक्यावर ऊन, बाजूला समुद्राचा वारा आणि मुळाशी चार बोटं वाळकी माती. झाडाने इथे जगायचं तर करायचं काय? मोठं झाड जगू शकत नाही कारण मुळं रोवायला खोली नाही. म्हणून सड्यावर दोनच प्रकारचे गडी टिकतात. एक ते जे चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मरून जातात आणि पुढच्या पावसाची वाट त्यांचं बी बघत राहतं. गेंद, सीतेची आसवं, तेरडे हे सगळे त्यातले. आणि दुसरे ते जे जमिनीत कंद करून झोपतात.

दिपकाडी दुसऱ्यातली. पावसाच्या महिन्यांत पानं जे काही कमावतात ते सगळं खाली कंदात जमा होतं, मग पानं पिवळी पडतात, वाळतात, उडून जातात आणि वर काहीच उरत नाही. डिसेंबरात त्याच जागेवर उभं राहिलं तर पायाखाली कोरडी माती आणि खडे, बस. पण कंद आत जिवंत आहे, वाळक्या सालींनी गुंडाळलेला. अशा कंदांच्या मुळांमधली काही मुळं आकसतात आणि आकसताना कंदाला हळूहळू खाली ओढून घेतात, वरवर पडलेल्या बीमधून रुजलेलं रोप काही वर्षांनी बरोबर खोलीवर गेलेलं असतं ते यामुळे. सड्यावर मात्र "खोल" म्हणजे तरी किती, चार बोटांखाली कातळ आहेच.

आणि हो, बी रुजलं म्हणजे पुढच्या वर्षी फूल, असं नसतं. कंदवाल्या झाडांना बीपासून फुलापर्यंत यायला काही वर्षं लागतात, आधी कंद पोसायला लागतो. म्हणजे समोर दिसणारा एक फुललेला दांडा हा कितीतरी पावसाळ्यांच्या साठवणीवर उभा असतो. हे एकदा कळलं की फुलाकडे बघायची नजरच बदलते, निदान माझी तरी बदलली, आता एखादं तुडवलेलं दिसलं की फार लागतं मनाला.

थोडा इतिहास. या झाडाची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा केली निकोल अलेक्झांडर डाल्झेल या स्कॉटिश माणसाने, 1850 साली. मुंबई इलाख्यात नोकरीला होता, पुढे इलाख्याच्या जंगल खात्याचा प्रमुखही झाला, आणि अलेक्झांडर गिब्सनबरोबर त्याने 1861 मध्ये मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचं पुस्तक काढलं, इकडच्या झाडांवर काम करणारे आजही ते उघडतात. डाल्झेलने आपल्या झाडाला आधी वेगळ्या कुळनावाखाली (कूळ म्हणजे इथे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) टाकलं होतं, युरोपेटॅलम म्हणून, मग लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या जॉन गिल्बर्ट बेकरने त्याला दिपकाडीत आणलं. कुळनाव बदललं पण पुढचं कोंकनेन्से तसंच राहिलं. पावणेदोनशे वर्षं होत आली या नोंदीला. रेल्वे नव्हती तेव्हा कोकणात, मुंबईतसुद्धा नव्हती.

दिपकाडी हे कूळ तसं लांबलचक पसरलेलं आहे हं. आफ्रिकेत भरपूर जाती, मादागास्करमध्ये आहेत, भूमध्य समुद्राच्या काठाने स्पेन-मोरोक्कोपर्यंत एक तपकिरी फुलांची जात जाते, अरबस्तानात आहेत, आपल्याकडे राजस्थानच्या वाळवंटी भागातही एक आहे. सगळीकडे एकच गोष्ट सारखी, वर्षातले बरेच महिने कोरडे. मग ही पांढरी कोकणात, जिथे धो धो पाऊस पडतो तिथे काय करतेय असं वाटेल. पण सडा हा पावसाचे चार महिने सोडले तर वाळवंटच आहे, हवेत दमटपणा असला तरी मुळाशी पाणी नाही, त्यामुळे ती आपल्या भावंडांपेक्षा काही फार वेगळ्या ठिकाणी राहत नाही. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

आपल्या महाराष्ट्रातच तिची बाकीची भावंडं बघा. पाचगणी, कास या उंचावरच्या पठारांवर दिपकाडी उर्सुली. मुंबईत, अगदी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या बाजूच्या खडकांवर दिपकाडी सॅक्सोरम, जिची नोंद फादर ब्लाटर यांची, सेंट झेवियर्स कॉलेजातले तेच, ज्यांच्या नावाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवून जपलेल्या झाडांचा संग्रह, अजून तिथे आहे. हिरवट-पिवळसर फुलांची दिपकाडी मोंटॅनम त्या मानाने बरीच लांबवर सापडते. गोव्यातूनही अलीकडे एक नवीन जात नोंदली गेली. प्रत्येकीने आपापला खडक धरलाय, एकीचा बेसॉल्ट, दुसरीचा जांभा, एक हजार मीटरच्या वर तर दुसरी समुद्राच्या वासात.

आता रानकांदा आठवा. हा बऱ्याच जणांना माहीत असेल, मोठा कंद, गावाकडे कुणी कुणी कोलकांदा पण म्हणतात. तो दिपकाडीच्याच मोठ्या कुटुंबातला, आणि तोही कंदच करून झोपतो. पण त्याची तऱ्हा अगदी उलटी, पाऊस यायच्या आधीच, भर उन्हाळ्यात, एकही पान नसताना जमिनीतून नुसता फुलांचा लांब दांडा वर काढतो आणि पानं मागाहून पावसात येतात. तो भारतभर पसरलाय, माळावर, डोंगरउतारावर, किनाऱ्याच्या रेताड जमिनीत, कुठेही. (विषारी असतो, हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात त्यात, कुणाचं ऐकून खाऊन बघू नका. खरंतर रानातला ओळखीचा नसलेला कुठलाच कंद तोंडात घालायचा नसतो.) मग एकाच कुटुंबातले, एकाच पद्धतीने जगणारे दोन कंद, एकाला अख्खा देश आणि दुसरीला कोकण-गोव्यातले मोजके सडे, असं का?

एक कारण सड्यांमध्येच आहे. वरून बघितलं, सॅटेलाइट मॅप लावून बघा घरबसल्या, तर सडे हे एकमेकांपासून तुटलेले दिसतात. एक सडा, मग खोल दरी, त्यात झाडी, वहाळ, भातशेती, मग खाडी, मग पलीकडे दुसरा सडा. दिपकाडीला मधली झाडी चालत नाही, सावली चालत नाही, खोल मातीत दुसरी दांडगी झाडं तिला वर येऊ देत नाहीत. म्हणजे तिच्या दृष्टीने एकेक सडा हे बेटच आहे. बी चपटं आणि हलकं असलं तरी ते वाऱ्याने, सड्यावरच्या वाहत्या पाण्याने थोडंफार सरकणार, खाडी ओलांडून पलीकडे जाणं रोजचं काम नाही. त्यामुळे जिथे आहे तिथे कधीकधी भरपूर असते, एका खळग्यात कितीतरी दांडे, आणि शेजारच्या हुबेहूब तसल्याच सड्यावर दिवसभर फिरा, एक नाही.

म्हणूनच "ती तर तिकडे खूप आहे की" हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. तिकडे खूप असणं आणि सगळीकडे सुरक्षित असणं यात फार अंतर आहे. ज्याचं सगळं मोजक्या ठिपक्यांमध्ये आहे त्याचा एक ठिपका जरी पुसला तरी तो भरून यायची शक्यता कमी, कारण शेजारून कुणी येणारच नाहीये.

आणि ठिपके पुसले जातायत. जांभा म्हणजे कोकणातला चिरा. पिढ्यानपिढ्या घरं त्याचीच, विहिरी, गडगे, देवळं सगळं जांभ्याचं, आणि ती घरं किती थंड असतात ते राहिलेल्याला माहितीये. आधी हाताने काढायचे, आता मशीन लावून पात्याने सरळ रेषेत कापत जातात. चिरेखाण सुरू करायची म्हणजे पहिल्यांदा वरचा थर खरवडून बाजूला, तो निरुपयोगी ना, त्यात माती, गवत, कंद, सगळं आलं. म्हणजे दिपकाडी जगते तो चार बोटांचा थर पहिल्याच दिवशी गेला. खाण संपल्यावर उरतो चौकोनी खड्डा, पावसात त्यात पाणी भरतं, पण त्या गुळगुळीत कापलेल्या भिंतींवर आणि तळाला पुन्हा भेगा पडून, माती साचून खळगे तयार व्हायचे तर त्याला माणसाच्या आयुष्याचं माप पुरत नाही. जांभा मुळात तयार होतो तोच पाऊस आणि ऊन यांनी खडक सतत कुजवत, त्यातलं बाकीचं धुऊन नेत, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे ठेवत. लाखो वर्षांचं काम आहे ते.

दुसरं आंबा. आता हे लिहिताना मला जपून लिहायचंय, कारण कातळावर हापूस उभा करणं हे कोकणातल्या माणसाने केलेलं प्रचंड कष्टाचं काम आहे, सुरुंग लावून खड्डे पाडायचे, दुसरीकडून माती आणून भरायची, कलमं लावायची, उन्हाळाभर पाणी द्यायचं. ज्या जमिनीने काहीच दिलं नाही तिच्यातून घर चालवलं त्या लोकांनी. त्यांना कुणी शहरातून येऊन फुलांचं लेक्चर द्यावं हे मला अजिबात पटत नाही. पण आता जेसीबी आला, एकेका दमात अख्खा सडा सपाट होतो, प्लॉट पडतात, कंपाउंड होतं, आणि यातला बराच भाग तर बागेसाठी पण नसतो, नुसता विकायला असतो. इथे मात्र विचारायला पाहिजे की सगळा सडा उलथायलाच हवा का. काही भाग जसाच्या तसा ठेवून बाकीची बाग होऊ शकते, भेगा-खळग्यांचा पट्टा सोडला तर बागायतदाराचं फार जात नाही, तिथे तसंही माती भरणं महागच पडतं.

अडचण अशी आहे की कागदावर या जागेला किंमतच नाही. सातबारा उघडा, सड्याचा मोठा हिस्सा पोटखराब्यात टाकलेला असतो, लागवडीला निरुपयोगी. झाडं नाहीत म्हणून जंगल नाही, शेती नाही म्हणून शेत नाही, त्यामुळे कुठलाही प्रकल्प आणायचा म्हटलं की पहिलं बोट सड्यावर. "तिथे काहीच नाहीये" हे सोप्पं उत्तर. अहो, आहे ना. पावसाळ्यात येऊन बघा, आणि उन्हाळ्यातही दगड न हलवता नीट बघा. दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते, तीही या भागातल्या सड्यांवरचीच, तिचीही नोंद रत्नागिरीची. पावसात साचलेल्या उथळ डबक्यांमध्ये बेडूक आहेत, कातळात माणसाने हजारो वर्षांपूर्वी कोरलेले हत्ती, मासे, वाघ, भौमितिक आकृत्या आहेत. ती कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, देवीहसोळ, जांभरुण, रुंढेतळी, खाली सिंधुदुर्गात कुडोपी आणि गोव्यात फणसायमाळ. ही यादी वाचली की मला गंमत वाटते, रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत, वरच्या उघड्या कातळावर. दिपकाडीचा नकाशा काढायला बसलं तर जवळपास हाच पट्टा येतो! चित्र कोरणाऱ्याला पण सलग उघडा जांभा लागत होता आणि कंदाला पण. एकाच सड्यासाठी शिल्पवाले आणि फुलंवाले दोघांनी मिळून भांडायला हवं असं मला मनापासून वाटतं, नुसतं शिल्पाभोवती चौकोनी कुंपण घालून बाकीचा सडा सोडून दिला तर काय उपयोग.

तुलनेला कास घ्या. कासला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पश्चिम घाटातल्या 39 जागांपैकी महाराष्ट्रातल्या चारपैकी एक. तिथे तिकीट आहे, कुंपणाचा वाद आहे, गर्दीचा त्रास आहे, पण निदान तिथे काय आहे हे सगळ्यांना माहितीये. कोकणातले सडे त्या यादीत नाहीत. दोन्ही जांभ्याचे, दोन्हीकडे पावसात फुलं, फक्त कास बाराशे मीटरच्या आसपास आणि हे सडे समुद्रापासून थोडेच वर, त्यामुळे फुलांची जत्रा वेगळी. दिपकाडी कोंकनेन्से कासला मिळत नाही, ती बघायची तर खालीच यावं लागतं.

आग लावण्याबद्दल पण विचारलं जातं, सड्यावरचं वाळकं गवत उन्हाळ्यात जळतं किंवा जाळलं जातं. गवत जळणं मला आवडत नाही, सरपटणारे जीव, पक्ष्यांची घरटी, दगडांवरचं शेवाळ, सगळ्यांचं नुकसान आहे. पण कंदापुरतं बोलायचं तर त्या वेळी तो मातीखाली झोपलेला असतो, वरून गवताची झटपट आग गेली म्हणून तो लगेच संपत नाही. गुरं चरण्याचंही तसंच, पान खाल्लं तर कंद पुन्हा फुटू शकतो. जे परत येऊ देत नाही ते एकच, खरवडणं. माती गेली की सगळं गेलं. त्यामुळे वाचवायचं काय असं कुणी विचारलं तर माझं उत्तर फूल नाही, झाड पण नाही, ती चार बोटं माती आणि तिच्याखालचा कातळ.

आणि म्हणूनच "आम्ही दोन कंद नेऊन कुंडीत लावतो, वाचतील तरी" हे म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती, नका नेऊ. बागेतल्या काळ्याभोर मातीत, बारा महिने पाणी मिळणाऱ्या कुंडीत झोपेच्या महिन्यांत ओल राहिली की असे कंद कुजतात. शास्त्रज्ञ मंडळी परवानगी घेऊन, बी गोळा करून रोपं करतात, ते वेगळं काम आहे आणि ते व्हायला हवंच. पण समजा कुंडीत जगली जरी, तरी ती सड्यावरची दिपकाडी राहिली का? तिच्याकडे येणारे किडे, तिच्या शेजारचे गेंद, तिच्या मुळाशी वाहणारं ते पाणी, ते काही आपण कुंडीत आणत नाही.

सह्याद्रीत अशी अजून उदाहरणं आहेत कंदांची. क्रायनम ब्रॅकिनिमा, पावसाच्या तोंडावर फुलणारी पांढरी लिली म्हणा हवं तर, तीही उत्तर सह्याद्रीतल्या मोजक्या जागी. क्रायनम वुडरोवी तर महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटचा, पुण्याच्या सायन्स कॉलेजातल्या वुडरो यांच्या नावाचा, तो शंभरेक वर्षं कुणाला दिसलाच नव्हता आणि मग परत सापडला, त्याच कड्यावर. या दोघांवर सविस्तर वेगळं लिहीन, त्यांची गोष्ट कड्यांची आहे, सड्यांची नाही.

ज्यांना दिपकाडी बघायचीय त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. जून संपता संपता ते ऑगस्ट हा काळ, पाऊस कसा पडतो त्यावर मागेपुढे होतं. सड्यावर चालताना कातळावर पाय ठेवा, मातीच्या खळग्यात नको, थोडं उड्या मारत जावं लागतं पण सवय होते, शेवाळावरून मात्र जपून, सपाट जागा असूनही लोक जाम घसरतात. फोटोसाठी आजूबाजूचं गवत उपटू नका, आडवं झोपून फोटो काढायचा असेल तर आधी आपण कशावर झोपतोय ते बघा. नेमकं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका, तालुका लिहिला तरी पुरे. आणि सडा कुणाच्या तरी मालकीचा असतो हे लक्षात ठेवा, खाली वाडीत जाऊन विचारून वर गेलात तर लोक छान बोलतात, चहा पण मिळतो, आणि खरं सांगायचं तर पुढच्या दहा वर्षांत त्या सड्याचं काय होणार हे त्याच लोकांच्या हातात आहे. त्यांना मोबाईलवर फोटो दाखवा. "हे आमच्या वरच्या कातळावरचं?" असं विचारतात, आणि जगात बाकी कुठे नाही असं सांगितलं की पुन्हा फोटो बघायला मागतात.

जमलं तर सप्टेंबरच्या शेवटी त्याच जागी परत जा. बोंडं तडकलेली असतील, बिया खळग्यात सांडलेल्या असतील, शेजारी गवत पिवळं पडायला लागलेलं असेल. फोटो फारसे चांगले येत नाहीत तेव्हा, पण किती दांड्यांना बोंडं धरली, किती नुसतेच वाळून गेले, गुरांनी किती खाल्ले, बाजूला खाणीच्या खुणेचा नवीन दगड रोवलाय का, हे सगळं तेव्हाच कळतं. वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जाऊन मोजा.